डोक्यावर ठेवलेला हात

कौस्तुभ पाळंदेनं रापणीवरून उडी मारली तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता आणि समोर, जाळ्याचा दोर ओढत, अख्खी टिकमवाडी उभी होती.

उडी देखणी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. आधी त्याची निळी वावडी वर सरकली, मग तिच्यामागे तो स्वतः, पायातल्या बोर्डासकट, दोन पुरुष उंच. पाण्यावर जाळ्याच्या बोयांची गोल रांग दिसत होती. तिच्या अलीकडून तो उडाला आणि पलीकडे, बरोबर रापणीच्या पोटात उतरला. तिथून वळला आणि पुन्हा एक उडी मारून बाहेर पडला. एवढं झाल्यावर त्यानं किनाऱ्याकडे बघून हात हलवला. दोर ओढणारी चाळीस माणसं ओढतच राहिली. रापणीचा म्होरक्या बाबल टिकम सगळ्यांच्या पुढे, कमरेएवढ्या पाण्यात होता. त्यानं दोर सोडला नाही, फक्त मान वळवून माझ्याकडे बघितलं.

चहा मी वाळूत ओतून दिला.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. तेव्हा मी कोंडवेळच्या किनाऱ्यावर काइटबोर्डिंगची शाळा काढली होती. मी कोल्हापूरचा, निरंजन इंगवले. बँकेतली नोकरी सोडून मालवणच्या दक्षिणेला, नकाशातही धड न सापडणाऱ्या या गावात येऊन राहिलो होतो. कंबरेला पट्टा बांधायचा, त्याला वीस-बावीस मीटर लांबीच्या चार दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला खोलीएवढी कापडी वावडी, आणि पायाखाली बोर्ड. वारा वावडीला ओढतो आणि वावडी माणसाला. दुपारी वायव्येकडून सुटणारा तिथला वारा या खेळासाठीच केल्यासारखा होता. काइट हा शब्द गावात कुणी उच्चारला नाही. मोठ्या पतंगाला कोकणात वावडी म्हणतात, म्हणून आमचीही वावडी झाली आणि शिकवतो म्हणून मी मास्तर झालो.

गावानं मला एक हंगाम वापरून बघायला दिला होता. किनारा रापणीचा होता, हे मला पहिल्याच दिवशी समजावण्यात आलं. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची, ही रापण. तासन् तास चालते, आणि त्या अर्धगोलात जे काही असेल ते गावाचं त्या दिवसाचं खाणं. वावडीची सावली पाण्यावर पडली की मासा फुटतो, म्हणजे थवा विस्कटून पळतो, असं बाबलचं म्हणणं. म्हणून आमचा करार ठरला. मध्ये जो व्हाळ, म्हणजे ओढा, समुद्राला मिळतो त्याच्या उत्तरेला वावड्या, दक्षिणेला रापण. रापण पाण्यात असेल तेव्हा व्हाळाच्या तोंडाशी काठीला लाल फडका लागेल, आणि फडका असेपर्यंत एकही वावडी ती हद्द ओलांडणार नाही. मी बाबलच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता. पुढच्या हंगामापासून कायमची परवानगी द्यायची की नाही, याची बैठक दोन दिवसांवर आली होती. शाळा राहणार की मी गाशा गुंडाळून कोल्हापूरला जाणार, हे त्या बैठकीत ठरायचं होतं.

नियमांच्या बाबतीत मी फार कडक होतो. आता सांगताना हसू येतं, पण मी एक मोठा फळा रंगवून घेतला होता आणि त्यावर अकरा नियम स्वतःच्या अक्षरात लिहिले होते. कुणी कुणाला वाट द्यायची, वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्यानं वावडी वर घ्यायची, खालच्या अंगाच्यानं खाली, पोहणाऱ्यांपासून किती लांब राहायचं, वगैरे. नवीन आलेल्याला मी आधी तो फळा मोठ्यानं वाचायला लावायचो. काही जण गालातल्या गालात हसायचे. कौस्तुभ उघड हसायचा.

कौस्तुभ पुण्याचा, सव्वीस वर्षांचा, संगणकावर काम करणारा. माझा पहिला विद्यार्थी. दुसऱ्या महिन्यात तो माझ्यापेक्षा चांगला खेळायला लागला आणि हे त्याला, मला आणि पाण्यावरच्या सगळ्यांना दिसत होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं मी तेव्हा म्हणायचो. त्याला फडक्याबद्दल बोललं की तो म्हणायचा, “दादा, समुद्राचा सात-बारा असतो का कुणाच्या नावावर?” आणि बाकीचे खी खी करायचे.

त्या दिवशी त्यानं हे केलं ते काही दुष्टपणानं नव्हे. वारा झकास होता, प्रेक्षक होते, आणि तो सव्वीस वर्षांचा होता. पण हे शहाणपण आताचं. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

रापण ओढून झाली. तीन दिवस जाळं कोरडं येत होतं आणि त्या दिवशी सकाळी टेहळणीवाल्यानं तारलीचा थवा बघितला होता, म्हणून सगळी वाडी लोटली होती. म्हाताऱ्याकोताऱ्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. जाळ्याचा पिशवीसारखा शेवटचा भाग वाळूवर आला आणि उघडला, तर आत दोन टोपल्या भरतील एवढीच तारली. थवा फुटून गेला होता.

मी हात जोडून बाबलकडे गेलो. त्याची माफी मागितली, त्या मुलाला आज संध्याकाळीच हाकलतो म्हणून सांगितलं. बाबल दोराची वेटोळी घालत होता. तो माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा, पण मला कायम तुम्ही म्हणायचा.

“मास्तर,” तो म्हणाला, “परवा बैठकीत बोलूया. आता माका बोलूक लावू नका.”

बाबल शिव्या देणारा माणूस होता. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी निर्धास्त झोपलो असतो.

बाबलशेजारी मासे निवडत बसलेल्या भागीरथीकाकीनं मात्र मला थांबवलं. ही बाबलची भावजय, विधवा, साठीची, वाडीत सगळ्यात तिखट जिभेची. आमच्या वावड्या तिला मुळीच खपत नव्हत्या. धडधाकट माणसं दिवसभर दोऱ्यांना लोंबकळतात, त्यांना घरी कामं नाहीत का, असं ती मला भर बाजारात विचारायची. पण हंगामभर व्हाळाच्या तोंडाशी बसून ती आमचा खेळ बारकाईनं बघत होती. एकदा तिनं मला विचारलं होतं, ही पोरं किनाऱ्याला आली की डोक्यावर हात का मारून घेतात. मी तिला समजावलं होतं की तो इशारा आहे. वावडी माणसाला एकट्यानं सुखरूप उतरवता येत नाही. किनाऱ्यावरच्या कुणीतरी पुढे होऊन ती हवेतून खाली येताना कडेला धरावी लागते. म्हणून डोक्यावर हात ठेवला की त्याचा अर्थ, माझी वावडी धर. तो इशारा दिसला की हातातलं काम टाकून जायचं, मग तो ओळखीचा असो की नसो. जगात कुठल्याही किनाऱ्यावर जा, यात बदल नाही. माझ्या फळ्यावरही ते होतं. काकीनं तेव्हा सगळं ऐकून घेतलं होतं आणि एवढंच म्हटलं होतं, “म्हणजे तुमचा पण आमच्यासारख्याच आसा.”

त्या दुपारी तिनं मला फक्त टोपलीतली तारली दाखवली आणि म्हणाली, “हेच्यात चाळीस घरां कशी जेवतली, ता तुज्या फळ्यार लिवलेला आसा?”

मी खाली मान घालून व्हाळाकडे आलो.

माझी स्वतःची वावडी फडका लागल्याबरोबर मी उतरवली होती. ती व्हाळाच्या काठी, उडू नये म्हणून वर वाळू टाकून, ठेवली होती, आणि दोऱ्या तशाच पसरलेल्या होत्या. त्या मी बारवर गुंडाळायला लागलो. बार म्हणजे हातात धरायचा दांडा, त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या दोऱ्या गुंडाळतात. बाकीचे चौघे स्वार वर सुरूच्या बनात जेवायला गेले होते. किनाऱ्यावर आमच्यातला मी एकटाच होतो.

वारा वाढला होता. कौस्तुभची वावडी त्या वाऱ्याला मोठी पडत होती. उत्तरेला चढून यायचा त्यानं दोनदा प्रयत्न केला, जमलं नाही. शेवटी तो व्हाळाच्या दक्षिणेलाच, माझ्यापासून चाळीसेक पावलांवर, गुडघाभर पाण्यात उभा राहिला. त्याच्या वाऱ्याखालच्या बाजूला, वावडी पडली तर जिथे पडेल तिथे, वाडीतल्या बायका मासे वाटून घेत बसल्या होत्या.

माझी पाठ त्याच्याकडे होती. मी दोऱ्या गुंडाळत होतो.

आधी आवाज आला, ताडपत्री फाटल्यासारखा. वळून बघेपर्यंत कौस्तुभ जमिनीवर नव्हता. वाऱ्याच्या एका झोतानं वावडीला वर उचललं होतं आणि वावडीनं त्याला. तो आडवा, पोत्यासारखा, पाण्यावरून वाळूवर आला आणि ओढून ठेवलेल्या एका होडीवर आपटला. तो आवाज मी इथे लिहीत नाही. तो होडीवरून खाली पडला आणि वावडी वीसेक मीटर पुढे वाळूत नाकावर कोसळली. पण मेली नव्हती. वारा तिच्या पोटात भरत होता आणि ती पुन्हा उठायला धडपडत होती. ती उठली असती तर त्याला दुसऱ्यांदा घेऊन गेली असती, आणि पुढे दगडांचा बांध होता.

कंबरेच्या पट्ट्याला एक कळ असते, ती ओढली की वावडी सुटते. त्यानं ती ओढली नव्हती.

मी धावलो. पण माझ्याआधी कुणीतरी धावत होतं. भागीरथीकाकीनं साडीचा काष्टा खोचला होता, दोऱ्यांना हात लागू न देता ती बाजूनं वळसा घालून आली आणि वावडीवर पालथी पडली. नुसती पडली. छातीखाली, पोटाखाली कापड दाबून धरलं आणि तशीच पडून राहिली. वावडी तिच्याखाली दोनदा उसळली, तिला घेऊन हातभर सरकली, मग थांबली. बाकीच्या बायका वाळू ओंजळींनी टाकायला लागल्या.

कौस्तुभ शुद्धीवर होता. त्याच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा फुटला होता आणि उजवा खांदा भलत्याच जागी होता. तो मला म्हणाला, “बायका खाली होत्या रे. सोडली असती तर दोऱ्या त्यांच्या अंगावर गेल्या असत्या.” एवढं बोलून त्यानं डोळे मिटले. कळ का ओढली नाही, त्याचं हे उत्तर होतं. मी विचारलेलंही नव्हतं.

बाबलनं मासळीचा टेम्पो आणला. टेम्पोत बर्फाच्या पेट्या बाजूला सारून त्याला झोपवलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, दोन बरगड्यांना चिरा गेल्या होत्या. डोकं होडीच्या काठावरून चार बोटांनी वाचलं, असं डॉक्टर म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. तेव्हा मला वाटलं, आपण सुटलो.

टेम्पो निघण्याआधीची एक गोष्ट राहिली. मी टेम्पोत चढत होतो तेव्हा काकी वाळूतून उठून, अंग झटकत तिथे आली. तिच्या दोन्ही कोपरांना खरचटून रक्त येत होतं. मी तिचे आभार मानायला लागलो. तिनं ते ऐकलं नाही. शांतपणे एवढंच विचारलं, “तुज्यो दोऱ्यो झाल्यो गुंडाळून?”

म्हातारी भेदरली आहे, भलतंच काहीतरी बोलते आहे, असं मी मनाशी ठरवलं. खरं म्हणजे पायाखालची वाळू सरकली होती. पण टेम्पो निघाला.

बैठक ठरल्या दिवशी, सकाळी, समुद्राकडे तोंड असलेल्या जाळ्यांच्या मांगरात, म्हणजे मोठ्या खोपटात, भरली. चाळीसेक माणसं सुकायला टाकलेल्या जाळ्यांवर बसली होती. कौस्तुभही आला होता, गळ्यात हात अडकवलेला, चेहरा पांढरा. त्याला दवाखान्यातून कालच सोडलं होतं. मी त्याला येऊ नको म्हटलं होतं, तरी आला. आल्या आल्या त्यानं सगळ्यांसमोर वाकून माफी मागितली. रापणीवरून उडी मारली ती माझी मस्ती होती, मास्तरांनी मला शंभर वेळा बजावलं होतं, चूक माझी एकट्याची, शाळेला शिक्षा करू नका, असं तो म्हणाला. आडपडदा न ठेवता बोलला. लोकांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला.

मग मी उभा राहिलो. मी घरून तयारी करून आलो होतो. जबाबदारी, शिस्त, पाणी सगळ्यांचं असतं म्हणून सगळ्यांनी ते सांभाळायचं असतं, असं बरंच काही बोललो. रापणीला यापुढे त्रास झाला तर तो स्वार कायमचा बाहेर, आणि सुरुवात मी आजच करतो, कौस्तुभ पाळंदेला या किनाऱ्यावर पुन्हा वावडी उडवता येणार नाही, असं जाहीर केलं. माना डोलल्या. बाबलनंही बऱ्याच वेळानं मान हलवली. परवानगी मिळाली, असं मी मनातल्या मनात म्हटलंसुद्धा.

“माका एक इचारूचा आसा,” मागून भागीरथीकाकी म्हणाली. “मास्तराक.”

ती उठली नाही. कोपरांना पट्ट्या बांधून जाळ्यावर बसली होती.

“त्या दिवशी हेना डोक्यार हात ठेवलो होतो. एकदा न्हय, तीनदा. तू तो बघलंस काय नाय?”

मांगरात कुणाला काही कळलं नाही. मी काही बोलायच्या आत कौस्तुभच म्हणाला, “नाही काकी, त्याची पाठ होती माझ्याकडे. त्याला दिसलंच नाही.”

दोन-चार जणांनी हुंकार भरला. पाठ होती म्हटल्यावर विषय संपत होता. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. काकी मात्र माझ्यावरची नजर काढत नव्हती.

मघाशी मी लिहिलं की माझी पाठ त्याच्याकडे होती. ते खरं आहे, पण अर्धं आहे. त्याच्याआधीचं एक वाक्य मी गाळलं. कौस्तुभ पाण्यात येऊन उभा राहिला तेव्हा मी त्याच्याकडे तोंड करूनच उभा होतो. त्यानं डोक्यावर हात ठेवला. मी बघितला. त्यानं पुन्हा ठेवला. मला काकीची टोपली आठवली, बाबलचा आवाज आठवला, समुद्राचा सात-बारा आठवला, आणि आता राहू दे जरा ताटकळत, असं मी मनात म्हटलं, अगदी याच शब्दांत. म्हटलं आणि पाठ फिरवली. मग बारवर दोऱ्या गुंडाळत राहिलो, सावकाश, एकावर एक नीट बसतील अशा. गेले दोन दिवस मी स्वतःलाही हे असं सांगितलं नव्हतं. पाठ होती, पाठ होती, एवढंच घोकत होतो.

“बघितला,” मी म्हणालो.

कौस्तुभनं मान खाली घातली. कुणीतरी जाळ्यावरून उठून पुन्हा बसलं. बाबल मला म्हणाला, मास्तर, नीट आठवून सांगा. त्याला मला वाट करून द्यायची होती, हे मला आजही कळतं. मी पुन्हा तेच सांगितलं.

काकी बोलली तेव्हा माझ्याशी नाही बोलली, वाडीशी बोलली.

“माजो घोव आणि हो बाबल, सख्खे भाव. रापणीच्या वाट्यावरसून भांडलले. अकरा वर्सां एकमेकांशी बोलूक नाय. एकदा आमची होडी उलाटली. घोवान शर्ट काढून हलयल्यान. आजूबाजूक धा होडयो होत्यो. सगळ्यांत पयलो पोचलो तो हो. तेका पाण्यातसून काडल्यान, होडयेत घातल्यान, किनाऱ्याक आणून सोडल्यान. आणि मगे परत पाच वर्सां बोलूक नाय.”

दोघं-तिघं हसले. बाबल नाही हसला.

“राग आमका येत नाय काय,” काकी म्हणाली. “हेच्यार माका पण राग होतो, मी तेका शिवी घालूनच धावलंय. पण पाण्यातल्या माणसार राग काढूचो नसता. मास्तरान आमका शब्द दिल्यान, तो पाळल्यान, ता खरा. पण उद्या माजो पोरगो पाण्यात हात वर करीत, आणि किनाऱ्यार हो उभो आसात. माका झोप लागाची नाय.”

मग तिनं आपलं मत सांगितलं. वावड्या राहू देत. हा पोरगासुद्धा राहू दे. खांदा बरा झाला की महिनाभर रापणीचा दोर ओढू दे, म्हणजे मासा कसा येतो ते त्याला कळेल. मास्तर नको.

बाबलनं एकेकाला विचारलं. वाद झाला नाही. कुणी मला वाईट बोललं नाही, उलट एका म्हाताऱ्यानं माझ्यासाठी पाणी मागवलं. मी ते उभ्यानं प्यायलो. शाळा माझी, फळा माझा, नियम माझे, आणि त्या सगळ्यासकट वाडी मला सांगत होती की तू निघ. मला राग यायला हवा होता. माझ्या कानांत नुसता आवाज भरला होता, पाण्यात बुडी मारल्यावर भरतो तसा.

दुपारपर्यंत मी सामान जीपमध्ये भरलं. शेवटची बॅग उचलत होतो तेव्हा कौस्तुभ आला. मदत करायला त्याला एकच हात होता. तो जीपला टेकून उभा राहिला.

“किती वेळ होता?” त्यानं विचारलं.

“कसला?”

“मी हात ठेवल्यापासून झोत येईपर्यंत.”

“तुझ्यापर्यंत येऊन परत जाण्याइतका,” मी म्हणालो. निदान एवढं तरी त्याला खरं मिळायला हवं होतं.

त्यानं मान हलवली. “मलाही तेवढाच वाटला.”

मला नीट उमगलं नाही. मी बॅग खाली ठेवली.

“आपली नजरानजर झाली होती, दादा,” तो म्हणाला. “माझ्या डोळ्यांवर चष्मा होता म्हणून तुला कळलं नसेल. तू बघितलंस आणि वळलास. मला वाटलं, बार खाली ठेवायला वळलास. आता येशील म्हणून मी तिसऱ्यांदा हात ठेवला.”

म्हणजे मांगरात तो माझ्या बाजूनं बोलला ते न कळून नव्हतं. मोडलेलं हाड गळ्यात अडकवून, त्याला जन्मभरासाठी हाकलून द्यायचं माझं भाषण ऐकून झाल्यावर, तो चाळीस माणसांसमोर माझ्यासाठी खोटं बोलला होता.

“मग असं का सांगितलंस आत?” मी विचारलं.

“तुझ्याकडे या शाळेशिवाय दुसरं काय होतं?” तो म्हणाला. “मी काय, दुसऱ्या किनाऱ्यावर गेलो असतो.”

हे त्यानं टोमणा मारायला म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर मला झेलता आला असता. मी जीपमध्ये बसलो, किल्ली फिरवली, आणि खिडकीतून त्याला म्हणालो, “खांदा जप.” मग जीप कोल्हापूरच्या रस्त्याला लावली.